मलिदा

सोलापूर, सोमवार, ७ जुलै २०२५

काल गावात मोहरमला मलिदा, म्हणजे गव्हाच्या पोळीत गूळ कुस्करून केलेला पिराचा प्रसाद, देताना मुजावरांच्या धाकट्याचा हात मध्येच थांबला. "अण्णा, तुम्हाला चालतंय न्हवं?" मी "आण की" म्हटलं, खाल्लासुद्धा. पण तेव्हापासून टोचतंय. आमच्या घरातल्या कुणाला पिराच्या दारात असं कधी विचारलेलं आठवत नाही. माझ्या नवसाचे चोंगे, मोहरमच्या गोड रोट्या, आईनं याच ओट्यावर वाटले. आज्जा मोहरमला फकिरी घ्यायचा, गळ्यात नाडा, दहा दिवस अनवाणी. आणि मला पाहुण्यासारखं विचारायचं?

आई म्हणते, एकादशी होती म्हणून विचारलं असेल. खरंय, यंदा आषाढी आणि मोहरमची दहावी एकाच दिवशी आली. पंढरपुरात वारकऱ्यांनी वाळवंट फुललेलं, आणि तीच भीमा खाली आमच्या घाटाला, जिथं पीर न्यायचे. उपवासाला गहू चालत नाही हे त्याला ठाऊक आहे. पण सकाळी चावडीपाशी माझ्याबरोबर भजी त्यानंच खाल्ली होती! मग?

२०१८ आणि २०१९ला तर गणपतीतच मोहरम आला. एका चावडीत गणपती आणि पिराचे पंजे, आरतीला मुजावरचाचा, सवारीला आम्ही. कुणी कुणाला काही विचारलं नाही. चाचा असते तर... जाऊ दे.

रात्रभर एकच, माझं गाव, माझा पीर, आणि मीच परका. झोप नाही.

पहाटे मात्र वेगळंच डोक्यात आलं. तो प्रश्न माझ्यासाठी नव्हताच. माझ्या आधी कुणीतरी त्याच्या पुढे आलेल्या हाताला नको म्हटलं असणार. एकानं नाही, बऱ्याच जणांनी. कोण, ते मला माहीत आहे; इथं लिहीत नाही. पोरगं आता आधी विचारून घ्यायला शिकलंय. माझं दुखणं त्यापुढे किती लहान. तरी ताट घेऊन तो माझ्यापर्यंत आला, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पलीकडे माचणूरला औरंगजेबाचा किल्ला आहे, शेजारी सिद्धेश्वराचं देऊळ. किल्ला पडीक, देवळात रोज पूजा. येताना बसमधून ते बघून का कोण जाणे, बरं वाटलं होतं.

आईनं आज द्वादशीचं पारणं त्याच मलिद्यानं सोडलं.

हिजरी सालात अधिक महिना नाही, म्हणून मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पुढच्या वर्षी आपल्याकडे अधिक ज्येष्ठ, एकादशी थेट २५ जुलैला. मोहरमची दहावी जूनअखेरीसच. तेव्हा उपवासाची सबब कुणालाच नसेल. मी जाणार आहे, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत हात पुढे करणार आहे.