आकाशदर्शन, डीजेसकट

धरणाकाठच्या त्या कॅम्पच्या जाहिरातीत 'आकाशदर्शन' ठळक अक्षरांत होतं. प्रत्यक्षात तंबूतंबूवर दिव्यांच्या माळा, मधोमध हॅलोजन आणि अकरापर्यंत डीजे. दुर्बिणीला डोळा लावतोय तोच मागून "सर, पुढे चला". माणशी दीड हजार! यापेक्षा घरची गच्ची परवडली असती.

सिंहगडाचं कोणी सुचवू नका. तिथून पुण्याचे दिवे फार सुंदर दिसतात, आणि तीच तर तक्रार आहे.

म्हणून फाल्गुनातल्या अमावास्येला नसरापूरवरून वेल्हे आणि पुढे केळदकडे गेलो. रस्त्याबद्दल न बोललेलं बरं. ओळखीतून एका घरी सोय झाली होती. शहराचा उजेड ईशान्येला क्षितिजापाशी उरलेला, दक्षिण मोकळी. फक्त अंगणात एक एलईडी बल्ब, थेट डोळ्यांत जाणारा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं तरी लागतात, आणि हा समोर असताना ती सुरूच होईनात.

"आजी, हा दिवा जरा बंद केला तर?"

"आन् बिबट्या आला तर? मागल्या आठवड्यात कुत्रं नेलं. गुरं बांधलीत माझी."

यावर काय बोलणार! आम्ही एका रात्रीचे पाहुणे, गोठा रोजचा. गप्प बसलो. पण आजींनीच नातवाला हाक मारली. त्याने शिडी लावून बल्बच्या वरून आणि आमच्या बाजूने जुनं पत्र्याचं घमेलं तारेनं बांधलं. उजेड गोठ्यावर पडू लागला आणि आम्हाला काळोख मिळाला. एवढी साधी गोष्ट पुण्यातल्या रस्त्यांवरच्या दिव्यांना का जमत नाही?

मग मृग, व्याध, आणि दक्षिणेला डोंगराच्या जरा वर अगस्त्याचा तारा. पुण्यात हा इमारतींमागे जातो, कारण तो इथून जेमतेम एकोणीस अंश वर चढतो. मी सप्तर्षी दाखवायला गेलो, तर आजी म्हणाल्या, "ती बाज हाय. म्हातारीची खाट. तीन चोर ओढत चाललेत." आणि आत निजायला गेल्या.

पहाटे चारला वृश्चिक दक्षिणेत चांगला वर आला होता. त्यातला ज्येष्ठा तारा तांबूस, नांगीपाशी आकाशगंगा दाट. डास मात्र भयंकर.

सकाळी आजींनी जेवणाचेच पैसे घेतले. घमेलं तसंच राहू द्या म्हटलं, तर म्हणाल्या, "मग शेण कशात भरू?"