चौसष्ट्या का काढला?

आमच्या गणपतीतल्या डॉमिनोच्या स्पर्धेतून चौसष्ट्या, म्हणजे डावाची किंमत दुप्पट करायचा फासा, का काढून टाकला, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो. गणपती जवळ आले की बेळगावजवळच्या आमच्या खानापुरात भेटेल तो माणूस मला हेच विचारतो, "यंदा चौसष्ट्या हाय की न्हाई?" बसस्टँडवर विचारतात, गिरणीत विचारतात. परवा सलूनमध्ये वस्तरा गळ्यावर असताना विचारलं. नाही. यंदाही नाही.

स्पर्धा कसली, बारा-चौदा माणसांची बैठक ती. बक्षीस एक नारळ आणि अर्धा किलो कुंदा. पैसे कधीच लावले नाहीत, तेव्हा "जुगार म्हणून बंद केला काय?" हे विचारणाऱ्यांना इथेच रामराम. डॉमिनोचा संच मामांनी वास्कोहून आणलेला, बंदरावर कामाला होते तेव्हाचा. आमचा तालुका कौलांच्या भट्ट्यांचा, त्यामुळे त्या अठ्ठावीस चकत्यांना पहिल्या दिवसापासून आम्ही कौलंच म्हणतो. (कौल लावतो म्हटलं की नवख्याला देवळातला गुरव आठवतो, ते वेगळं.) कौलाच्या दोन अर्ध्यांवर कोऱ्यापासून सहापर्यंत ठिपके, टोकाच्या आकड्याला तोच आकडा लावत जायचं. डाव दोघांचा: प्रत्येकाला सात, उरलेली चौदा पालथी, त्यांतून ओढायचं नाही. लावता आलं नाही तर पास. दोघेही अडले तर ज्याच्या हातात ठिपके कमी, डाव त्याचा.

चौसष्ट्या मीच आणला, हे कबूल. तो मुळात बॅकगॅमन या पटावरच्या खेळातला फासा, 1920च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांत निघालेला. टाकायचा नसतो, नुसता फिरवायचा. बाजूंवर 2, 4, 8, 16, 32 आणि 64. सुरुवातीला 64 वर करून ठेवतात आणि तेव्हा डावाची किंमत एक गुण, म्हणून आमच्या मंडळींनी नाव पाडलं चौसष्ट्या. आपली पाळी आली की कौल लावायच्या आधी 'दुप्पट' म्हणायचं. समोरच्यानं एक तर चालू किंमत देऊन डाव सोडायचा, नाही तर दुप्पट किमतीला खेळायचं. खेळला तर फासा त्याचा, पुढची दुप्पट फक्त तोच करणार.

आणला कशासाठी? डाव संपता संपत नव्हते म्हणून. बाहेर मुसळधार पाऊस, लाईट गेलेली, समोरच्याच्या हातात एक कौल, आपल्या हातात पाच, तरी माणूस मेणबत्तीच्या उजेडात दहा मिनिटं विचार करणार. चौसष्ट्या आल्यावर असले मेलेले डाव तिथल्या तिथे मिटू लागले. पहिल्या वर्षी साडेदहाला सगळं आवरलं. घरच्यांनी माझं कौतुक केलं. हे आता कुणाला आठवत नाही.

हिशेबही मीच शिकवला. जिंकायची आशा चारांत एक असेल तर सोडा किंवा घ्या, सारखंच. असे चार डाव सोडले तर चार गुण जातात. चारही घेतले तर तीन हरून सहा जातात, एक जिंकून दोन येतात, म्हणजे पुन्हा चारच गेले. मी हे वहीच्या पानावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं.

आता अण्णांचं. नाव घेत नाही, गावात सगळे अण्णाच म्हणतात. बसमध्ये कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. घरी मराठी, पण मोजायचे कानडीत. ओठांतल्या ओठांत 'ऐदु, ऐदु, ऐदु' चाललं की समजायचं, पाचाची कौलं मोजताहेत.

शेवटची लढत आमची, आधी सात गुण करील त्यानं जिंकायची. अण्णा पाचावर, मी तिनावर. या डावात त्यांनी आधीच दुप्पट केली होती, मी घेतली होती, म्हणजे फासा 2 वर आणि माझ्या बाजूला. पटावर नऊ कौलं. एका टोकाला पाच, दुसऱ्याला तीन. अण्णांच्या हातात दोन. माझ्या हातात तीन: पाच-तीन, चाराचं डबल (दोन्हीकडे चार) आणि एक-दोन. पाच-तीन तिनाला लावलं की दोन्ही टोकांना पाच. पाचाचं डबल वगळता पाचाची सगळी कौलं पटावर. म्हणजे डाव अडणार आणि हातातले ठिपके मोजायची वेळ येणार. माझे अकरा. अकरा म्हणजे काही चांगले नव्हेत.

तरी मी फासा 4 वर फिरवला. कारण हा डाव दोनावर हरलो असतो तरी अण्णा सातावर जाऊन सगळं संपलंच असतं. चारावर हरून वेगळं काय होणार? उलट जिंकलो तर तीन आणि चार सात. मला तोटा शून्य. अशा वेळी दुप्पट न करणारा वेडा, असं कुठलाही जाणकार सांगेल. मी आजही सांगतो.

अण्णांनी फाशाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग कौलं पालथी ठेवली आणि म्हणाले, "सोडलो."

पाच-पाच. आणि मी, का कोण जाणे, हात पुढे करून त्यांची कौलं उलटली. कोरी-एक आणि एकाचं डबल. तीन ठिपके. माझ्या अकरापुढं तीन! कुणीतरी "अरेरे" म्हणालं. माझी कौलं तोवर मी ढिगाऱ्यात मिसळली होती.

"तू दुप्पट केलास म्हंजे तुज्याकडं असणारच की," अण्णा म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. साधं सांगणं होतं, तिकीट द्यावं तसं.

पुढचे दोन डाव मी जिंकलो. सात-पाच. कुंदा मी घरी नेला, पोरांनी खाल्ला.

फसवलं का मी त्यांना? नाही. नियम सगळ्यांना ठाऊक होता. त्या गुणफलकावर चारांत एकचा हिशेब लागत नाही, निम्मी आशा लागते. ते मी भिंतीवर लिहिलं नव्हतं, हे खरं. पण शेवटच्या लढतीला बसणाऱ्यानं एवढं समजायला नको? असं त्या रात्री मी बायकोला सुनावलं. ती म्हणाली, "त्यांनी दुप्पट केली तेव्हा त्यांचा डाव चांगला होता ना?" होता. अण्णा नेहमी डाव चांगला असेल तेव्हाच फिरवायचे. त्यांच्या लेखी तो शब्द होता. माझ्या लेखी आकडा. तिला म्हटलं, खेळात असंच असतं. ती भांडी घासायला गेली.

पुढच्या वर्षी अण्णा आले, पण खेळायला बसले नाहीत. गुडघ्याचं कारण सांगितलं. आम्ही खुर्च्यांवर खेळतो. त्या वर्षापासून चौसष्ट्या दुकानातल्या ड्रॉवरमध्ये, स्टँपपॅडखाली. डाव पुन्हा रात्री एकपर्यंत चालतात, आणि शिव्या मलाच.

एवढंच असतं तर मी फासा परत काढलाही असता. पण त्याच पावसाळ्यात अण्णा दुकानात चहाला बसले होते. मध्येच म्हणाले, "त्या दिवशी तुज्याकडं ठिपके किती होते रे?"

मी म्हटलं, "दोन."

त्यांनी बोटांवर मोजलं. "कोरी-कोरी आणि कोरी-दोन?"

"होय अण्णा."

"मग बरोबर सोडलो की मी."

चहाचे पैसे त्या दिवशी त्यांनी दिले. मी नको म्हणत होतो. अण्णा फोनवर काही वाचत नाहीत. त्यांचा नातू वाचतो.