मामाच्या टेपचा तिरपा स्क्रू

मामीचा फोन आला, "अगं, मामाचा टेप घेऊन जा बाई. अर्धी फळी अडवून बसलाय." टेप म्हणजे खांद्याला पट्टा लावून न्यायचा कॅसेट रेकॉर्डर. सोबत बुटाच्या खोक्यात एकतीस कॅसेटी, प्रत्येकीवर मामाच्या बारीक अक्षरात क्रमांक. मामाला आवाज गोळा करायचा नाद होता. पाऊस, पाखरं, आजीच्या गप्पा, शेजारच्या पोरांची भांडणं, काहीही.

मी आधी गोड गैरसमजात होते. कॅसेट म्हणजे जरा दबका, जरा घरघरता आवाज, आणि त्यातच काय ती गंमत. 'उबदार आवाज' वगैरे मीही म्हणत असे. पण उत्तम पोर्टेबल रेकॉर्डरवर लोक अजून जीव टाकतात ते या उबेसाठी नाही. सोनीचा टीसी-डी५एम १९८० सालचा, खिशात मावेल-न मावेल असा डब्ल्यूएम-डी६सी १९८४ चा. बातमीदारांनी आणि मैफली टिपणाऱ्या हौशी मंडळींनी ही यंत्रं वर्षानुवर्षं वापरली, ती आवाज स्वच्छ यायचा म्हणून. मामाचं यंत्र यांच्याइतकं नावाजलेलं नाही, पण त्याच जातीचं. उजेड पडणारे दोन काटे, मायक्रोफोनची दोन भोकं, डॉल्बी बी म्हणजे टेपची घरघर कमी करणारी सोय, आणि आवाजाची पातळी हाताने लावायचं गुळगुळीत बटण.

बॅटऱ्या घातल्या. काटे उजळले, मोटर गुणगुणली, कॅसेट मात्र जागची हलेना. मागचं झाकण उघडलं तर रबरी पट्ट्याचं डांबर झालेलं. वयाने रबर असं विरघळतं. ते बोटाला लागलं की बोटाचं दुसऱ्या बोटाला, तिथून चष्म्याला. चाकांच्या खाचांतून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरण्याच्या कापसाने ते काढण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. नवा पट्टा बसवायला दहा मिनिटं. पट्टा ज्यावरून फिरतो ती चाकं हाताने फिरवून पाहिली, कॅसेटीतली फीत दाबून पुढे ओढणाऱ्या दाबरोलरचा चकाकणारा थर पुसला, फितीला टेकून आवाज भरणाऱ्या-वाचणाऱ्या हेडवरची तपकिरी पूड काढली. वेग लावायला ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली चाचणी कॅसेट मागवली. फोनमधल्या अ‍ॅपवर आकडा बघत मोटरीचा छोटा स्क्रू केसभर-केसभर फिरवायचा. आधी सूर ३२४० दाखवत होता, म्हणजे मामाच्या कॅसेटीतली आजी माझ्या आठवणीपेक्षा घाईत बोलली असती.

मामाच्या कॅसेटींना हात लावण्याआधी एक काम केलं: ज्यांच्या पाठीवरच्या पाकळ्या शाबूत होत्या त्या सगळ्या मोडून टाकल्या. चुकून लाल बटण दाबलं गेलं तर पुसलं जाण्याची भीती नको.

आणि मग शहाणपणा केला.

हेड टेपच्या, म्हणजे कॅसेटीतल्या फितीच्या, प्रवासाला अगदी काटकोनात हवं. कॅसेट सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणून १०,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट टेपवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी जागेत मावते. केस त्याच्या दहापट तरी जाड. हेड किंचित कललं की या बारीक लाटा एकमेकींत मिसळतात आणि स, श, पैंजण, पावसाची टपटप आधी जाते. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला स्क्रू असतो, त्याने हा कोन लावतात. चाचणी कॅसेटवर ऐकत मी तो फिरवला आणि एका जागी आवाजावरचा पडदाच बाजूला झाल्यासारखं झालं. हेडफोन काढून खोलीत इकडेतिकडे पाहिलं, इतकं स्पष्ट. स्क्रू आधी कुठे होता याची खूण? केली नव्हती. चूक असलेली जागा कशाला लक्षात ठेवायची!

मोठ्या ऐटीत मामाची चौदावी कॅसेट लावली. गोधडीखालून बोलावं तसा आवाज. डॉल्बी लावली तर आणखी मातीत गेला. मुळात वरचे सूर कमी आले की डॉल्बी त्यांना आणखी दाबते. डॉल्बी बंदच बरी, असं जुनी माणसं म्हणत त्यामागे बरेचदा हेच तिरकं हेड असणार. टेप खराब झाली, असं मी जवळजवळ मामीला सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सहज पहिली कॅसेट लावली. लख्ख! दुसरीही. अकरापर्यंत सगळ्या छान, बारापासून पुढच्या सगळ्या गोधडीत. दोन दिवस मी टेपच्या कंपन्या, साल, साठवण यांची जुळवाजुळव करत बसले. मग बाराव्या कॅसेटची सुरुवात नीट ऐकली. मामा एक ते दहा मोजतो, थांबतो, खटका वाजतो. पुन्हा एक ते दहा. मग म्हणतो, "पडलाय खरा, पण ठीक वाटतंय."

ठीक वाटणारच होतं. या यंत्रात भरायला आणि ऐकायला हेड एकच. पडून ते कललं, तर भरताना जेवढं कललेलं, ऐकताना तेवढंच. या कॅसेटी ऐकताना मामाला कधीच काही खटकलं नसेल. त्याच्या वीस कॅसेटी तिरक्या आहेत आणि त्याच तिरकेपणात त्या अगदी शुद्ध आहेत. मी मात्र यंत्र 'सरळ' करून त्या बिघडवल्या होत्या.

आता तो कोन परत शोधायचा होता, तोही खुणेशिवाय. डाव्या-उजव्या कानाचे आवाज एकत्र करून मोनोत ऐकलं की चूक जास्त जाणवते. पाऊस असलेली जागा निवडली, कारण पावसात सगळे बारीक सूर असतात. पेचकस पाव वळणाहून कमी, डावीकडे. काही नाही. थोडं उजवीकडे. पाऊस पत्र्यावर पडायला लागला. आणखी किंचित, आणि पत्रा वेगळा, पागोळ्या वेगळ्या, मागे कुणीतरी बादली सरकवतंय. डॉल्बी लावली, घरघर गेली, पाऊस राहिला. या वेळी हेडजवळच्या पट्टीवर टाचणीने ओरखडा काढून जागा धरून ठेवली.

बारा ते एकतीस अशा त्याच कोनात संगणकात उतरवल्या. एका कॅसेटीतला टेप हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडला होता, तो टाकाऊ कॅसेटीतला काढून चिकटवला. दोन कॅसेटी एकशेवीस मिनिटांच्या, कागदाहून पातळ टेपच्या; त्या श्वास रोखून वाजवल्या. अठरावीत आजी मामाला विचारते, "हे लागलंय का रे?" आणि तो "नाही नाही, तू बोल" म्हणून खोटं बोलतो.

मामी परवा आली होती. तिला ती जागा हेडफोनवर ऐकवली, संगणकावरून नाही, यंत्रावरूनच. ती काट्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "माझाही आवाज घे की त्यात." कोरी कॅसेट घातली, पातळी लावली. स्क्रू मामाच्या कोनाच्या ओरखड्यावर आहे, सरळ करायला हवा होता, हे मधेच आठवलं. तोवर ती बोलायला लागली होती.