सहावीच्या वर्गात मदतीला जाताना

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक मुलांच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी. गणित अडलं की आधी उदाहरण मोठ्यानं वाचायला लावा. घोडं बरेचदा वजाबाकीत नाही, 'पेक्षा कितीने जास्त' या शब्दांत अडलेलं असतं.

वजाबाकी तपासायला ५०३ − १६७ द्या. उत्तर ४६४ आलं, तर पोरगं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा करतंय. पाढे घोकून हे सुटत नाही. काड्या घ्या: शंभराचा एक गठ्ठा उघडून दहाचे दहा गठ्ठे करा, त्यातला एक उघडून सुट्या दहा काड्या. आता ४ शतक, ९ दशक, १३ एकक, उत्तर ३३६. मधल्या शून्याचा ९ कसा होतो, ते हातालाच कळतं.

एका वेळी चारच मुलं. आणि पेन्सिल त्यांच्याच हातात राहू द्या, कितीही हात शिवशिवले तरी!