तिसऱ्या डब्याची नोंदवही: वळवाआधी आणि वळवानंतर

मातीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड मोजायचा माझा दुसरा डबा मार्चअखेर बाद केला. बाहेरची हवा आत शिरत होती, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा चढ पहिल्या मिनिटानंतरच वाकायचा. तिसरा डबा धान्य ठेवायच्या आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्याचा केला आणि वरून थर्माकोल व अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली. जमिनीत रोवायची कॉलर २० सेंटीमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपची आहे. कॉलर आणि डबा यांच्या मध्ये कुकरची रबरी रिंग घातली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी डबा ताणून बांधला. झाकणातून सलाइनच्या नळीचा हातभर तुकडा बाहेर काढलाय, त्याचं तोंड उघडं. डबा दाबून बसवताना आत दाब वाढला तर मातीतून वर येणारा वायू तेवढ्यापुरता अडतो, म्हणून ही पळवाट. आत संगणकातला छोटा पंखा, कार्बन डायऑक्साइड मोजणारा एससीडी-३० सेन्सर आणि त्याचे आकडे वाचणारा ईएसपी-३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड.

गळतीची चाचणी घरातल्या फरशीवर घेतली. आत फुंकर मारून आकडा २,००० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत दोन हजार भाग) चढवला आणि दहा मिनिटं थांबलो. १५ पीपीएमच उतरला. कुकरची रिंग पक्की ठरली.

सेन्सर वापरणाऱ्यांनी दोन सेटिंग्ज विसरू नयेत. त्याचं आपोआप होणारं कॅलिब्रेशन बंद करा, नाहीतर तो आपल्या मनाने आधाररेषा सरकवत राहतो. आणि हवेचा दाब भरा. बार्शी तालुक्यातलं आमचं रान समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे, तिथे मी ९५० हेक्टोपास्कल धरतो. फ्लक्ससाठी (ठरावीक जागेतून ठरावीक वेळात किती वायू सुटतो, त्या मापासाठी) खरा आकडा किती यापेक्षा तो किती वेगाने चढतो याला महत्त्व असतं. डबा आणि कॉलरचा वरचा भाग मिळून सव्वासहा लिटर हवा, खाली ३१४ चौरस सेंटीमीटर माती. या मापाला मिनिटाला ८ पीपीएम चढ म्हणजे चौरस मीटरमागे सेकंदाला १ मायक्रोमोल (वायूचे रेणू मोजायचं एकक). हे एक गणित पाठ झालं की रानात उभ्या उभ्या अंदाज येतो.

एप्रिलभर पहाटे साडेसहाला मोजत होतो. कोरड्या मातीचा चढ मिनिटाला जेमतेम ५ पीपीएम, म्हणजे ०.६ मायक्रोमोल. इतक्या लहान आकड्यात बारीकसारीक चुकाही मोठ्या होतात. डबा बंद केल्यावर आत दमटपणा वाढतो आणि वाफेने जागा घेतली की कार्बन डायऑक्साइडचा वाटा तेवढा पातळ होतो. ३० अंशाला आर्द्रता ५० टक्क्यांवरून ८० वर गेली, तर ४२० पीपीएमचे सुमारे ६ पीपीएम नुसते वाफेमुळे कमी दिसतात. चार मिनिटांच्या मोजमापात एकूण २० पीपीएम चढायचे आणि त्यातले ६ असे गेले, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा! आता प्रत्येक आकडा कोरड्या हवेच्या हिशेबात बदलूनच चढ काढतो. आर्द्रतेचा सेन्सर त्याच बोर्डावर आहे, जास्तीचा खर्च नाही.

आणि श्वास. माणसाच्या उच्छ्वासात जवळपास ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. वाकून डबा बसवताना नाकातून सुटलेली एवढीशी हवा सगळं मोजमाप बिघडवते. मी वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसतो, श्वास रोखून डबा ठेवतो, पट्ट्या अडकवतो आणि चार पावलं मागे जाऊन मगच श्वास सोडतो.

तीन कॉलरी आहेत. पहिली नांगरटीत, दुसरी बांधावर, तिसरी ज्वारीच्या धसकटांच्या न नांगरलेल्या पट्ट्यात. तिसरीचे आकडे रोज वेगळे यायचे, वारा सुटला की तर उलटेही. कॉलर पाच सेंटीमीटर आत होती, वरून माती सलग दिसत होती. अण्णांना (माझे चुलते) दाखवलं. त्यांनी पायाने माती दाबून पाहिली आणि म्हणाले, "अरं, ही भेग आतनं वळलीया. वरनं बुजलेली दिसती, खाली हात जाईल." खुरप्याने उकरलं तर खरंच कॉलरीच्या खालून बोटभर रुंद भेग गेली होती. काळ्या रानात मे महिन्यात जमीन अशी फाटते, आणि वारा त्या भेगांतून हवा आत-बाहेर खेळवतो. कॉलर दोन हात सरकवली आणि मग आठवडाभर तिला हात लावला नाही, कारण कॉलर ठोकताना तुटलेली मुळं आणि हललेली माती काही दिवस जास्त वायू सोडते. नव्याने सुरू करणाऱ्यांनी रोवली की लगेच मोजायचा मोह टाळा.

२९ मे. रोहिणी लागून चार दिवस झालेले. दुपारी चार चाळीसला वळीव आला, पस्तीस मिनिटं पडला आणि गेला. मापकात १४ मिलिमीटर. तिसऱ्या कॉलरीवर सकाळी ०.६ होता. साडेपाचला डबा ठेवला आणि स्क्रीनवरचे आकडे असे पळायला लागले, की आधी वाटलं माझाच श्वास आत गेला. डबा काढला, हवा मोकळी केली, पुन्हा ठेवला. तेच. मिनिटाला ३१ पीपीएम. सव्वासहाला ५२, म्हणजे ६.५. रात्री आठला ४४. डोक्यावर टॉर्च, सगळीकडे मातीचा वास, पायाला चिखलाचे गोळे, आणि मी दर मोजमापानंतर कुकरची रिंग पुसत होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे २७, संध्याकाळी १७. चौथ्या दिवशी ९.

पहिल्या चोवीस तासांचा हिशेब चौरस मीटरमागे सुमारे ४ ग्रॅम कार्बन. कोरड्या मातीला तेवढ्याला जवळजवळ आठवडा लागला असता. मी ठरवून पंधरा दिवसांनी एकदा मोजत असतो, तर हा अख्खा डोंगर दोन आकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत गेला असता.

याला बर्च परिणाम म्हणतात. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून १९५८ मध्ये तो मांडला. हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू झाली तेच वर्ष. वाळलेल्या मातीत मेलेले सूक्ष्मजीव आणि अडकून पडलेला सेंद्रिय माल साठतो, ढेकळं भिजून फुटली की तो एकदम मोकळा होतो आणि जगलेले जीव त्यावर तुटून पडतात. पहिल्या सरीचं पाणी मातीच्या पोकळ्यांत साठलेली हवाही वर ढकलतं. काळ्या रानात चुनखडीचे खडे असतात, त्यातूनही थोडा वायू सुटू शकतो. माझ्या डब्याला हा फरक कळत नाही, त्याला कार्बनचे समस्थानिक (कार्बनचेच कमी-जास्त वजनाचे अणू) मोजावे लागतात.

उंच मनोऱ्यांवरूनही हाच वायू मोजतात, ते मोजमाप वेगळं. तिथे ध्वनीवर चालणारा वारामापक सेकंदाला दहा-वीस वेळा वर-खाली जाणारा वारा टिपतो, शेजारी वायूचा सेन्सर तितक्याच वेगाने कार्बन डायऑक्साइड टिपतो, आणि दोन्हींच्या एकत्र चढउतारांतून अख्ख्या जंगलाची देवाणघेवाण निघते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचा असा मनोरा काझीरंगाच्या जंगलात आहे. त्या पद्धतीबद्दल मला फार आदर आहे, पण उघड्या सेन्सरच्या काचेवर पावसाचे थेंब बसले की तिथले आकडे टाकून द्यावे लागतात, आणि वारा पडलेल्या रात्रीही ती कमी पडते. पाऊस थांबल्यानंतरची ती पहिली रात्र आपल्या डब्यांना चांगली जमते.

कोकणातल्या जांभ्या मातीवर किंवा विदर्भात कोणी डबा बनवत असेल, तर कॉलरी आत्ताच रोवून ठेवा आणि पहिल्या सरीनंतर रात्रभर मोजा. त्या आकड्यांशेजारी माझे आकडे ठेवून बघायची मला फार उत्सुकता आहे.

बांधावरच्या दुसऱ्या कॉलरीत आज हरळीची हिरवी टोकं दिसली. उद्या थर्माकोल आणि फॉइल काढतो. हिरवं पान उन्हात हाच वायू ओढून घेतं, म्हणून तिथे आता प्रत्येक वेळी दोन मोजमापं: एक उघड्या उन्हात, आणि लगेच दुसरं, डब्यावर काळं कापड टाकून.