साडेबारा आणे

विश्रामबाग, सांगली. बुधवार, रात्रीचे साडेअकरा.

परवा तोंडी परीक्षा, आणि मी अजून एकाच गोष्टीत अडकलेय. आर. के. नारायण यांची 'अ‍ॅन अ‍ॅस्ट्रॉलॉजर्स डे'. वर्गात झाली तेव्हा वहीत उतरवून घेतलं होतं : उपरोध, अनपेक्षित शेवट, संग्रह १९४७ चा. संपलं.

जेवणं झाल्यावर आजी म्हणाली, "नुसती पुटपुटतीस काय, मलाबी सांग की." मग सांगितली. शेंगदाणेवाल्याच्या दिव्याच्या उजेडात बसणारा ज्योतिषी. (हा शेंगदाणेवाला मला कायम मारुती रोडवरचाच दिसतो, त्याला इलाज नाही.) एक परका गिऱ्हाईक येतो. ज्योतिषी सांगतो : तुला सुरा खुपसून विहिरीत ढकललं होतं, तो माणूस लॉरीखाली मेला, आता घरी जा. सुरा मारणारा हा स्वतःच!

घरी बायको पैसे मोजते. पुस्तकात 'ट्वेल्व्ह अँड अ हाफ' आणे; माझ्या तोंडून आपसूक 'साडेबारा' आलं, चार शब्दांचा एक झाला. १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा आजी शाळेत होती. तिचा हिशेब तयार : "रुपयाला साडेतीन आणे कमी." अगं, तेच तर! रुपया कबूल केला होता म्हणून हा चिडतो. ज्याला जिवे मारायला निघाला होता त्याच्यावर, साडेतीन आण्यांसाठी. 'स्वाईन' म्हणतो त्याला. डुक्कर? घरात बायकोशी असं कोण बोलतं? त्यानं खरी कुठली शिवी दिली असेल ती नारायण यांनाच ठाऊक. मी 'भामटा' केलं.

त्या पैशांतून बायको पोरासाठी गूळ-खोबरं आणणार असते. "गूळ सांगलीचाच असंल," आजी.

शेवटी तो 'पायोल'वर आडवा होतो. शब्दकोशातला अर्थ वाचून दाखवला : घराच्या पुढच्या भिंतीला लागून बांधलेली बसायची उंच जागा.

"मग वटा म्हण की सरळ."

खरंच की. वहीतला तो ओळभर अर्थ खोडला आणि 'ओटा' लिहिलं.

आजीनं अंथरूण घातलं. मला वाटलं झोपली. तर अंधारातून म्हणाली, "त्यानं बायकूला सांगितलं न्हवं, मी एकाला मारलं हुतं म्हणून?"

"सांगितलं ना. आणि जांभई देऊन झोपला."

"आन् ती?"

शेवटचं पान परत काढलंय. तिचं पुढे काहीच नाही.