जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा पाचगणी दौरा : तयारी कुठवर आली

दिवाळीनंतर

मार्ग आणि तारीख या दोन्ही गोष्टी आता पक्क्या झाल्या आहेत. फेब्रुवारीतील पहिल्या शनिवारी पहाटे पुण्याहून निघून खंबाटकी, वाई आणि पसरणी घाटमार्गे पाचगणीला मुक्काम करायचा आणि रविवारी महाबळेश्वर गाठून केळघर घाटाने मेढ्याला उतरून साताऱ्यावरून परत यायचे, असा हा साधारण तीनशे किलोमीटरचा फेरा आहे. आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरण्याची सूचना काही सदस्यांनी आग्रहाने मांडली होती. तो घाट देखणा आहे यात वाद नाही, परंतु कोकणात उतरलेल्या गाड्यांना त्याच दिवशी दुसरा घाट चढून वर यावे लागेल आणि तेही दुपारच्या उन्हात, म्हणून ती सूचना बाजूला ठेवली.

तारखेला मार्गापेक्षा जास्त वेळ लागला आणि ते योग्यच झाले. नाताळ ते नववर्ष या काळात पसरणी घाटात गाड्यांची रांग हलत नाही. पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते आणि तिच्या आगेमागे वाईकडे येणारे सगळे रस्ते भाविकांनी भरलेले असतात. रंगपंचमीला वाईजवळच बावधनचे बगाड असते, आणि तोपर्यंत ऊनही तापलेले असते. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला जोडून सुट्ट्या आल्या की महाबळेश्वर पुन्हा भरते. हे सगळे वगळले की हाताशी फेब्रुवारीचा आरंभ तेवढा उरतो. उसाचा हंगाम मात्र चुकवता येत नाही. भुईंजच्या कारखान्याकडे जाणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर या महिन्यांत रस्त्यावर असतातच आणि त्यांपैकी कित्येकांना मागचा दिवा नसतो. म्हणून रविवारी अंधार पडण्यापूर्वी शेवटच्या गाडीने शिरवळ ओलांडलेच पाहिजे, ही अट वेळापत्रकाच्या मुळाशी धरली आहे.

कोणत्या गाड्या घ्यायच्या यावर बरीच चर्चा झाली. एमजी या ब्रिटिश कंपनीच्या टीसी, टीडी, एमजीए आणि एमजीबी या स्पोर्ट्स गाड्यांविषयी प्रश्नच नव्हता. स्टँडर्ड हेराल्ड ही स्पोर्ट्स गाडी नव्हे, हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खरा आहे, पण ट्रायम्फ स्पिटफायर ही हेराल्डचीच चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून बांधलेली गाडी आहे आणि आपल्याकडे स्पिटफायर दुर्मीळ असल्यामुळे त्या घराण्याचे प्रतिनिधित्व मद्रासमध्ये बनलेल्या हेराल्डने करण्यास माझी काहीच हरकत नाही. गोव्यात तयार झालेली, फायबरग्लासच्या अंगाची आणि रेनोच्या इंजिनाची सॅन स्टॉर्म वयाने धाकटी आहे, पण भारतात मोजक्याच निघालेल्या दोन आसनी उघड्या गाड्यांपैकी ती एक आहे. तिलाही घेतले आहे.

डिसेंबर : चाचणी फेरी

टीसी, एमजीबी आणि हेराल्ड अशा तीन गाड्या घेऊन वाईपासून पाचगणीपर्यंत चढून आलो. या फेरीचा हेतू एकच होता. दौऱ्याचा वेग गाडीच्या ताकदीवर ठरवायचा की तापमानाच्या काट्यावर, हे प्रत्यक्ष पाहायचे होते. उत्तर स्पष्ट मिळाले.

वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या थोडी वर आहे आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. म्हणजे दहा-बारा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरांपेक्षा जास्त चढ. उंचीमुळे पाचगणीत पाणी ९६ अंशांच्या आतबाहेर उकळू लागते. रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या, चौरस इंचामागे मोजलेल्या दर पौंड दाबामागे उकळण्याचा अंश साधारण दीडने वर सरकतो, त्यामुळे सात पौंडांचे झाकण असलेल्या एमजीबीला दहा अंशांची मोकळीक मिळते. टीसीच्या रेडिएटरला दाब धरणारे झाकण नसते, त्यामुळे तिला ही मोकळीक नाही. १,२५० घनसेंटिमीटरचे तिचे इंजिन घाट चढायला पुरेसे आहे आणि मोकळ्या रस्त्यावर काटा ८५ च्या वर गेलाही नाही. सिमेंटच्या गोण्या भरलेला एक ट्रक मात्र पुढे आला आणि त्याच्यामागे पहिल्या गिअरमध्ये सरपटताना, वाऱ्याचा झोत थांबल्यामुळे, काटा दोन वळणांत ९५ वर पोहोचला. जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या ओव्हरफ्लोच्या नळीतून आधी बारीक वाफ आली आणि मग थेंब गळू लागले. गाडी कडेला घेऊन इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवले, बॉनेटचे दोन्ही पाखे उघडले आणि झाकणाला कोणालाही हात लावू दिला नाही. काटा खाली येईपर्यंत ट्रक दिसेनासा झाला होता आणि पुढचा घाट ती गाडी शांतपणे चढली.

हेराल्डचा त्रास वेगळा होता. तिचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असल्यामुळे बॉनेटखालची सगळी धग तो खातो आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसती वाफच ढकलत राहतो. गाडी आचके देत बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच घडले नाही अशा थाटात सुरू होते. घाटातल्या जुन्या फियाट टॅक्सीवाल्यांचा उपाय येथेही लागू पडला : पंपाभोवती ओले फडके गुंडाळायचे आणि त्यावर अधूनमधून बाटलीतले पाणी सोडायचे. एमजीबीचा एसयू बनावटीचा विजेचा पेट्रोल पंप गाडीच्या मागच्या बाजूला थंड जागी असतो आणि तो स्वतःच खबर देतो. किल्ली फिरवल्यावर थोडा टिकटिकून तो थांबला तर कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) भरला असे समजावे. न थांबता भराभर टिकटिकत राहिला तर टाकीत पेट्रोल नाही, नळीत वाफ आहे किंवा कुठेतरी हवा शिरते आहे.

या चाचणीवरून सर्वांत महत्त्वाचा निर्णय झाला. सगळ्या गाड्यांचा एकच सलग ताफा न करता तीन-तीन, चार-चार गाड्यांच्या तुकड्या सोडायच्या आणि दोन तुकड्यांत दहा मिनिटांचे अंतर ठेवायचे. सलग ओळ छायाचित्रात छान दिसते हे मला मान्य आहे. पण घाटात लांब ओळ झाली की मागच्यांना ओलांडता येत नाही, ते चिडतात, मध्येच घुसतात, आणि ओळीतल्या प्रत्येक गाडीला पुढच्या गाडीच्या वेगाने रांगावे लागते. टीसीला ट्रकमागे जे झाले तेच मग आपणच एकमेकांना करू. छायाचित्रांसाठी टेबललँडच्या पायथ्याशी सगळ्या गाड्या ओळीने उभ्या करू.

तुकडीत चुकामूक होऊ नये म्हणून एक नियम पुरेसा आहे. प्रत्येक चालकाने आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची आणि फाट्यावर वळण्याआधी ती आरशात दिसेपर्यंत थांबायचे. सुरूरचा फाटा, वाईतील पुलाकडचे वळण आणि मेढ्यातील साताऱ्याचा रस्ता, एवढ्याच ठिकाणी खरा घोटाळा होण्याची शक्यता आहे. मोबाइलवरचे नकाशे प्रत्येकाकडे असतील, पण उघड्या गाडीत उन्हात पडदा दिसत नाही आणि खिशातल्या फोनचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून टप्प्यांची अंतरे लिहिलेला छापील कागद प्रत्येक गाडीत राहील.

जानेवारी : गाड्यांची तपासणी

पेट्रोलविषयी नव्या सदस्यांकडून सर्वाधिक विचारणा होत आहे. इंजिनातील व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज रोखणारे, शिसे असलेले पेट्रोल देशभरात फेब्रुवारी २००० पासून बंद झाले, आणि बहुतेकांच्या गाड्यांच्या हेडमध्ये त्यानंतर कधीतरी कठीण व्हॉल्व्ह सीट बसवून झाल्या आहेत. आजची अडचण वीस टक्के इथेनॉलची आहे. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपातले पातळ पडदे (डायफ्रॅम) त्याने फुगतात वा चिरतात, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ते हवेतली आर्द्रता ओढून टाकीच्या तळाशी गंज धरवते. शिवाय कार्ब्युरेटरच्या त्याच जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर, पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते आणि पातळ मिश्रणाने इंजिन अधिक तापते. एसयू कार्ब्युरेटरचा जेट नटाने किंचित खाली घेऊन मिश्रण थोडे दाट करावे, प्लगचा रंग पाहावा आणि हे काम दौऱ्याच्या आदल्या रात्री करू नये. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात. दुकानात नुसती ‘पेट्रोल पाइप’ मागितली तर काय हाती येईल याचा नेम नाही.

बॅटरीसंबंधी एक गोष्ट सर्वांनी लक्षपूर्वक वाचावी. टीसी आणि १९६७ पूर्वीच्या एमजीबी या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असते. मदतीला आलेला कोणीही सवयीने काळा चिमटा बंद पडलेल्या गाडीच्या बॉडीला लावतो, आणि या गाड्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ शॉर्टसर्किट असा होतो. दोन्ही बॅटऱ्यांची सारखी टोके सारख्या टोकांना जोडायची आणि दोन गाड्यांचे पत्रे एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. एमजीबीच्या बॅटऱ्या सीटमागच्या झाकणाखाली असतात, त्यामुळे अशा एमजीबीवाल्यांनी त्या झाकणावर आणि धन टोक बॉडीला असलेल्या बाकीच्या गाड्यांच्या मालकांनी बॉनेटच्या आतून, खूण म्हणून, लाल रंगाचा ठसठशीत ठिपका काढावा.

तारांच्या चाकांचे मधले नट डाव्या-उजव्या बाजूंना उलट आट्यांचे असतात. ते तांब्याच्या हातोड्याने ठोकून घ्यावेत आणि शनिवारी वाईच्या थांब्यावर पुन्हा एकदा ठोकावेत. ब्रेकचे ऑइल दोन वर्षांत बदलले नसेल तर आता बदलावे. रविवारचा केळघर घाट हा चढाचा नव्हे तर उताराचा आहे. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाड्यांनी दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचे आणि पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडण्याची हौस घरी ठेवायची.

कागदपत्रांचे काम मार्गी लागले आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. त्यासाठी नोंदणीशुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे टिकते. मात्र त्या गाड्या रोजच्या वापरासाठी नाहीत, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसारख्या ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येतात. म्हणून अशा गाड्यांच्या मालकांनी दौऱ्याचे निमंत्रणपत्र सोबत ठेवावे. ज्यांची नोंदणी जुन्या पद्धतीची आहे त्यांनी तिची मुदत, विमा आणि पीयूसी पाहून घ्यावे. मार्गावरील पोलीस ठाण्यांना पत्रे दिली आहेत आणि त्यांत वेळेची वा वेगाची कोणतीही स्पर्धा नाही हे स्पष्ट लिहिले आहे. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि गमतीने लावलेली पैजही त्यातून सुटत नाही. फास्टॅगचे एक गमतीशीर प्रकरण उरले आहे. टीसीची पुढची काच आडवी पाडता येते आणि पाडली की तिच्यावरचा टॅग नाक्यावरच्या यंत्राला सापडत नाही. तेव्हा टोलनाक्यांपुरती काच उभी ठेवावी.

मुक्कामाची सोय झाली आहे. अंगण मोठे आहे आणि रात्री पहारा आहे, यापलीकडे त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

आता उरलेली कामे थोडी आहेत. मदतीच्या जीपमध्ये पाण्याचे कॅन, ओढायचा दोर, अग्निशामक, ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचे सुटे भाग (कॉइल, पॉइंट, कंडेन्सर) आणि फॅन बेल्टचे जोड ठेवायचे आहेत. बेल्टचे माप प्रत्येकाने आपल्या गाडीवरून स्वतः घेऊन कळवावे, पुस्तकातले नको, कारण बहुतेकांच्या पुल्या कधी ना कधी बदललेल्या आहेत. जीप सर्वांच्या मागे राहील. पहिली तुकडी शिंदेवाडीच्या पेट्रोल पंपावरून सकाळी सहाला सुटेल आणि टीसी त्याच तुकडीत असेल, म्हणजे ट्रकांची गर्दी होण्याआधी ती खंबाटकी चढून जाईल. टाकी आदल्या दिवशी भरून आणावी. पंपावर फक्त हवा आणि पाणी पाहायचे आहे.